संकल्पापुढील अंतराय : स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणींचे पुनर्वाचन

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांत ध्वजवंदनानंतर जी भाषणे होतात त्यांत एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्या वार्तेने व्याकुळ झालेल्या व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. भाषणातील पुढचे वाक्य बहुधा थेट सप्टेंबर १९४८ मध्ये येऊन थांबते. प्रतिज्ञा आणि मुक्ती यांच्यामधली अठ्ठावीस वर्षे वक्त्याच्या एका श्वासात संपतात. समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनावर ठसा उमटतो तो असा की, थोर माणसे एकदा ठरवतात आणि मग ते घडतेच.

हा ठसा केवळ अपुरा नाही, तो अपायकारक आहे. ज्याने पहाटे उठून अभ्यास करण्याचा निश्चय दहा वेळा केला आणि अकराव्यांदा मोडला, त्या विद्यार्थ्याला या कथनातून एकच अर्थ मिळतो : आपण त्या जातकुळीचे नाही. म्हणून ज्या माणसाच्या नावाने हे सांगितले जाते त्याने स्वतः काय लिहून ठेवले आहे, आणि काय लिहिलेले नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या ‘मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल’ या १९६७ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या आठवणींचे आणि त्यामागील जीवनक्रमाचे वाचन या एका दृष्टीने केले आहे : वैयक्तिक संकल्प टिकाऊ परिवर्तनात कसा उतरतो आणि त्याच्या आड मनातून नेमके काय येते?

ग्रंथाचे शीर्षकच बोलके आहे. लेखकाने ‘माझे जीवन’ असे म्हटलेले नाही; आठवणी लढ्याच्या आहेत, लेखकाच्या नाहीत. भाषा इंग्रजी आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. हैदराबाद संस्थान तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषक प्रदेशांचे होते; आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद व कर्नाटक परिषद या तीन संघटना तेथे वेगवेगळ्या काम करीत होत्या. तिन्ही प्रदेशांतील सहकाऱ्यांना उद्देशून बोलायचे तर इंग्रजी सोयीची होती, असे अनुमान करता येते. परंतु या निवडीचा वाङ्मयीन परिणामही झाला आहे. परक्या भाषेत माणूस हिशेब चोख मांडू शकतो; मनाची घालमेल मात्र त्या भाषेत सहजी उतरत नाही. या आठवणींतील गद्य संयत, घटनाप्रधान आणि काहीसे कोरडे आहे. अंतर्मनाचा वेध घेऊ पाहणाऱ्या वाचकाला त्यात फटी शोधाव्या लागतात.

अंतरायांची परंपरागत कल्पना

संकल्पाच्या आड येणाऱ्या आंतरिक अडथळ्यांचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाच्या निग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांतील समाधिपादात चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अंतरायांची मोजदाद आहे. त्यांत व्याधी पहिली आहे. संशय आहे, आळस आहे. मात्र यादीतील शेवटचे दोन अंतराय अधिक विचार करायला लावणारे आहेत. एक म्हणजे प्रयत्न करूनही अपेक्षित भूमिका प्राप्त न होणे, आणि दुसरा, ती प्राप्त झाल्यावर तिच्यावर स्थिर न राहता येणे. आरंभ न होणे आणि आरंभ होऊन न टिकणे या दोन वेगळ्या व्यथा आहेत, हे ज्याने ही यादी केली त्याला पक्के ठाऊक होते. आजच्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ कार्यशाळांमध्ये मात्र सगळा भर पहिल्या व्यथेवर असतो. दुसरीसाठी त्यांच्याजवळ टाळ्यांखेरीज फारसे काही नसते.

पाश्चात्त्य मानसशास्त्राने हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीला माणसाच्या आचरणाचा पाया मानले आणि निश्चयानंतर मिळणारी कृतीची पहिलीच संधी दवडू नये असे सुचविले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ‘मी अमुक करीन’ या उद्दिष्टापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक प्रसंग आला तर मी हे करीन’ अशी जर-तरच्या स्वरूपातील योजना कृतीत उतरण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे इच्छेला स्थळ आणि काळ लागतो. ही गोष्ट स्वामीजींच्या जीवनक्रमाला लावून पाहिली तर १९२० च्या प्रतिज्ञेचे एक वैशिष्ट्य चटकन ध्यानात येते : तिच्यात स्थळ नव्हते. देशसेवा करायची, पण कुठे, कोणाबरोबर आणि कोणत्या कामातून, हे त्या मुलाला माहीत असणे शक्य नव्हते. त्या प्रतिज्ञेला ठिकाण मिळण्यासाठी जवळजवळ नऊ वर्षे जावी लागली.

हिप्परगा, अंबाजोगाई आणि लातूर

३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेल्या या तरुणाचे शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुणे असे फिरतीवर झाले. शिक्षणानंतर त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले. हा मार्ग तसा प्रशस्त होता. देशपातळीवरचा नेता, कामगारांचे प्रश्न, दिल्ली-मुंबईचा वावर. एखाद्याने तिथेच आयुष्य काढले असते तरी प्रतिज्ञा पाळल्याचे समाधान मिळाले असते. गंभीर आजाराने हा मार्ग खुंटला. योगसूत्रांतील यादीचा पहिला अंतराय येथे शब्दशः उभा राहिला. १९२९ मध्ये ते तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले.

चरित्रपर लेखनात या घटनेचे वर्णन सामान्यतः ‘नियतीने त्यांना मराठवाड्यात आणले’ अशा थाटात होते. त्यात तथ्य नाही असे नाही, पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. देशपातळीवरील कामातून बाजूला होऊन निजामी राज्यातील एका आडगावात मुलांना शिकवणे, हे महत्त्वाकांक्षी तरुणाच्या मनाला पराभवासारखे वाटण्याचा पुरेपूर संभव होता. आठवणींत या खंतीचा विस्तार नाही. तथापि हिप्परग्यातच त्या प्रतिज्ञेला पहिल्यांदा रोजची कामे मिळाली : ठरावीक वेळी उघडणारी शाळा, तिच्यावर अवलंबून असलेली मुले आणि बरोबरीचे शिक्षक. त्या काळच्या निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ सारख्या फर्मानांनी सभा-संमेलनांवर परवानगीची टाच आणली होती. जिथे सार्वजनिक बोलणेच दुरापास्त, तिथे खाजगी निश्चयाला व्यासपीठ कुठून मिळणार? शाळा हे अशा वेळी संकल्प जिवंत ठेवण्याचे जवळजवळ एकमेव स्थान होते. हिप्परग्याच्या वास्तव्यातच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले.

इथपर्यंतचा प्रवास परंपरागत चौकटीत बसतो. आजार आला, तो ओलांडला. वैराग्य स्वीकारले, अभ्यास सुरू झाला. चौकट अपुरी पडते ती यानंतर.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईस आले. निजामी दप्तरात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांच्या आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या हातून उभे राहिले, वाढले, नावारूपाला आले. हे यश मोठे होते. उर्दू माध्यमाच्या सरकारी शिक्षणव्यवस्थेत मराठी मुलांसाठी राष्ट्रीय वृत्तीची शाळा चालवणे म्हणजे काय, हे त्या पिढीतील पालकांना सांगावे लागत नव्हते. अशा वेळी संस्थानात राजकीय जागृतीला वेग आला. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे आणि दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे भरले. लातूरच्या अधिवेशनाच्या आसपास परिषदेच्या कामाची सूत्रे स्वामीजींकडे येत गेली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींना निवड करावी लागली : शाळा की सत्याग्रह?

या निवडीपाशी आठवणींचा वाचक थबकतो, आणि थबकलेच पाहिजे. येथे संकल्पाच्या आड आळस नाही, भय नाही, भोगलालसा तर नाहीच. आड येते ती शाळा, म्हणजे त्याच संकल्पातून उगवलेले आणि रोज फळ देत असलेले काम. संस्थाचालक तुरुंगात गेला तर सरकारचा रोष संस्थेवर येणार. मुलांचे, सहकाऱ्यांचे काय? शिवाय अंगावर भगवी वस्त्रे होती. संन्याशाने राजकारणात, तेही मतभेद, डावपेच आणि कारावास असलेल्या राजकारणात उतरावे काय, हा प्रश्न इतरांनी विचारण्याआधी स्वतःच्या मनात उभा राहणे स्वाभाविक होते. म्हणजे १९२० च्या प्रतिज्ञेसमोर १९३८ मध्ये दोन अडथळे होते आणि ते दोन्ही तिचीच अपत्ये होती, एक शाळा आणि दुसरा संन्यास.

पतंजलीच्या नऊ अंतरायांत याला नाव नाही. त्या यादीतील दोष हे दोषच आहेत. ते दूर करायचे असतात. परंतु जो अडथळा स्वतः सद्गुण आहे, जो दूर करताना माणसाला आपले आधीचे चांगले मोडावे लागते, त्याचे काय करायचे? संकल्पावरील प्रचलित लेखनाची मर्यादा येथे उघडी पडते. त्यात अडथळ्याला शत्रू मानले जाते आणि ‘मनावर विजय’ मिळविण्याची भाषा वापरली जाते. अंबाजोगाईच्या मुख्याध्यापकाला कोणावरही विजय मिळवायचा नव्हता. त्याला शाळा दुसऱ्यांच्या हाती सोपवून बाहेर पडायचे होते, आणि ती सोपविता आली याचे कारण तीन वर्षांत ती एका माणसाची राहिली नव्हती. बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी होते म्हणून ही निवड आत्मघाताची ठरली नाही. येथे इच्छाशक्तीपेक्षा संस्थात्मक तयारी अधिक निर्णायक होती असे म्हणावे लागते. अर्थात हे विश्लेषण वाचकाने करायचे आहे. स्वामीजी स्वतः या प्रसंगाचे नाट्य करीत नाहीत.

थांबण्याची परीक्षा

शाळा सोडून तुरुंग पत्करला आणि पुढे काय झाले? १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित करण्यात आला. ज्यासाठी शाळा सोडली तेच दोन महिन्यांत थांबले. कोणत्याही संकल्पाच्या इतिहासात असा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. अडथळा ओलांडण्यास लागणारे बळ एकवटलेले असते, आणि एकाएकी ओलांडण्यासारखे समोर काहीच उरत नाही. पुढची दोन वर्षे वाटाघाटींत, प्रतीक्षेत आणि शिस्त सांभाळण्यात गेली. १९४० मध्ये गांधीजींच्या अनुमतीने निवडक व्यक्तींचा वैयक्तिक सत्याग्रह झाला, त्यांत स्वामीजी होते. पुन्हा कारावास आला. १९४२ च्या आंदोलनातही तेच.

भाषणांमध्ये हा स्थगितीचा कालखंड येत नाही, कारण त्यात सांगण्याजोगे काही घडत नाही. पण टिकाऊ परिवर्तनाच्या दृष्टीने हाच भाग अधिक मोलाचा आहे. प्राप्त भूमिकेवर स्थिर राहणे म्हणजे सतत पुढे जाणे नव्हे. काही वेळा काहीच न करता त्याच जागी उभे राहता येणे होय. बंदी १९४६ मध्ये उठली आणि अध्यक्षपद स्वामीजींकडे आले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र होत असताना त्यांना अटक झाली. जैसे थे कराराच्या काळात ते सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत ते आतच होते.

म्हणजे ज्या नऊ महिन्यांत सीमेवरील शिबिरांतून प्रत्यक्ष सशस्त्र प्रतिकार झाला, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवरील धाडीसारखी धाडसी कृत्ये झाली, रझाकारांच्या अत्याचारांना गावोगाव तोंड दिले गेले, त्या काळात प्रतिज्ञा करणारा माणूस कोठडीत होता. लढा चालवणारे हात इतरांचे होते. उमरीच्या धाडीत हाती आलेल्या रकमेचा हिशेब ठेवला गेला आणि नंतर तो शासनाला देण्यात आला, ही नोंद या लढ्याच्या इतिहासलेखनात अभिमानाने येते, आणि ती योग्यच आहे. शस्त्र हाती असताना, नेता तुरुंगात असताना, कोणी विचारणारे नसताना हिशेब लिहिला जातो, तेव्हा एका माणसाची अपरिग्रहाची वृत्ती अनेकांची रीत झालेली असते. संकल्प टिकला की नाही हे पाहायचे असेल तर संकल्पकर्त्याच्या आत्मनिवेदनापेक्षा अशी हिशेबाची वही अधिक विश्वसनीय पुरावा आहे.

मौनाचे मोल आणि किंमत

स्वामीजींच्या आठवणींतील आत्मसंयम आदरणीय आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्याची किंमतही सांगितली पाहिजे. गांधीजींच्या आत्मकथेत स्खलनांची कबुली हाच कथनाचा कणा आहे. वाचक गांधीजींच्या चुकांमधून स्वतःच्या चुकांकडे येतो. स्वामीजींच्या लेखनात तशी वाट नाही. निर्णय दिसतात, निर्णयापूर्वीच्या रात्री दिसत नाहीत. त्यामुळेच १७ सप्टेंबरच्या वक्त्याला अठ्ठावीस वर्षे एका वाक्यात गुंडाळणे सोपे जाते. दोष निव्वळ वक्त्याचा नाही, ग्रंथाने त्याला तशी मुभा दिली आहे.

याउलट याच परिसरातील एक वेगळे चरित्र पाहता येते. उमरी तालुक्यातील गोरटे हे गाव दासगणू महाराजांमुळे कीर्तनप्रेमींना परिचित आहे. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे हे मूळचे पोलिसांतले शिपाई, लावण्या रचण्याचा नाद असलेले. नोकरी सोडण्याचे वचन त्यांनी दिले, पण फौजदारीची आशा सुटेना. वचन पुढे ढकलले, संकट आले की पुन्हा दिले, संकट टळले की पुन्हा विसरले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. अखेरीस नोकरी सुटली आणि कीर्तनकार व संतचरित्रकार म्हणून त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. या कथनाची भूमिका श्रद्धेची आहे आणि ते इतिहासाच्या कसोटीवर पारखून घ्यावे लागेल. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून त्यात एक शहाणपण आहे : मोडलेल्या वचनांना तेथे जागा आहे. संतचरित्राच्या परंपरेने घसरण्याचा वृत्तांत लपविला नाही, उलट त्याला गोष्टीचे बळ मानले. आधुनिक राजकीय चरित्राने ही जागा गमावली. ज्याला आपण भाबडे वाङ्मय म्हणतो ते या एका बाबतीत अधिक वास्तववादी ठरते, हे मान्य करायला विद्यापीठीय समीक्षेला थोडे जड जाईल.

नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांचे उदाहरण आणखी निराळे. इंटरमीजिएटच्या परीक्षेत ते वारंवार अनुत्तीर्ण झाले, शाळेत शिक्षक झाले, पुढे स्वामीजींच्या प्रेरणेने १९५० मध्ये सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि अखेर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या वाट्याला कोणतीही प्रसिद्ध प्रतिज्ञा नाही. होते ते वाचन, आणि वाचलेल्याविषयी समोरच्याशी तासन्‌तास बोलणे. हैदराबादच्या विमोचनावर आणि विसर्जनावर लिहिताना त्यांनी स्वामीजींविषयीच्या आदराला विश्लेषणाच्या आड येऊ दिले नाही. परीक्षेतील अपयश आणि बुद्धीची शिस्त या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच काळात नांदू शकतात, हे नांदेडने प्रत्यक्ष पाहिले आहे. तरीही त्यांचे अपयश आपल्याकडे चमत्काराच्या आख्यायिकेसारखे सांगितले जाते. नापास होत असलेल्या वर्षांत तो तरुण काय वाचत होता, कोणाशी बोलत होता, घरातले आणि गावातले लोक त्याला कसे सांभाळून घेत होते, हा खरा अभ्यासाचा विषय कोरडाच राहतो.

नाव लागल्यानंतर

स्वामीजींच्या १९४८ नंतरच्या जीवनाकडे चरित्रकार घाईने पाहतात. ते पहिल्या आणि दुसऱ्या लोकसभेचे सदस्य होते. पण याच काळात हैदराबाद काँग्रेसमधील गटबाजीत एका गटाला ‘स्वामी गट’ हे नाव पडले. व्यक्तीचा संकल्प संघटनेत उतरला की व्यक्तीचे नावही तिच्यात उतरते, आणि निरिच्छ माणसाच्या नावावरदेखील इतरांच्या इच्छा उभ्या राहतात. हा अंतराय मनाच्या आत राहत नाही आणि बाहेरही पुरता दिसत नाही. त्यावर वैराग्याचा उपाय चालत नाही. वैराग्य जितके प्रखर तितके नाव अधिक उपयोगाचे.

तरी या काळातील एक भूमिका विशेष नोंद घेण्यासारखी आहे. हैदराबाद राज्य तसेच ठेवावे की भाषावार विभागावे, या वादात स्वामीजी विसर्जनाच्या बाजूने उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य संपुष्टात आले. ज्या राज्याच्या पातळीवर त्यांचे नेतृत्व उभे होते ते राज्यच मोडावे, असा हा आग्रह होता. अंबाजोगाईची शाळा सोडताना जे घडले तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले : संकल्पाच्या आजच्या रूपापेक्षा त्याचा हेतू मोठा मानला गेला. आयुष्यात एकदा असे करता येणे हा योगायोग म्हणता येईल, दोनदा करता येणे ही वृत्ती आहे.

येथे एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि संन्यास यांवर उभा असलेला संकल्प हा ज्याच्यापुढे निवड करण्याची मोकळीक होती अशा पुरुषाचा संकल्प आहे. ज्याच्या घरात दोन पिढ्या काहीच नव्हते त्या ऊसतोड मजुराच्या मुलाला अपरिग्रहाची प्रतिज्ञा काय सांगणार? आणि जिला घरचे पाणी भरून, भाकरी करून महाविद्यालयात यायचे आहे तिला ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेतून कोणते स्थळ, कोणता काळ मिळणार? आठवणींच्या ग्रंथात या प्रश्नांना उत्तर नाही. तो त्या ग्रंथाचा विषयही नव्हता. पण तो ग्रंथ आदर्श म्हणून वर्गात नेणाऱ्या अध्यापकाचा मात्र तो विषय आहे. प्रतिज्ञेचा आशय अनुकरणीय नसेलही. अनुकरणीय आहे ती तिला ठिकाण, सोबती आणि रोजचे काम मिळवून देण्याची रीत.

वेळापत्रकाची भिंत

या रीतीची एक यांत्रिक आवृत्ती आज लातुरात दिसते. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीतील यशामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. त्यामागे राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतील अध्यापकांचे खरे कष्ट होते : जादा तास, सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी. ‘मी डॉक्टर होईन’ या धूसर इच्छेला तेथे सकाळ-संध्याकाळचे स्थळकाळ मिळाले. गॉलविट्झर यांचा सिद्धान्त न वाचताच लातूरच्या शिक्षकांनी तो राबविला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु पद्धत शहरभर पसरली, शिकवण्यांचे आणि वसतिगृहांचे अर्थकारण उभे राहिले, बारावीची जागा वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेने घेतली आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारा ‘रिपीटर’ हा विद्यार्थ्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. या मुलांकडे वेळापत्रक आहे. ते खोलीच्या भिंतीवर चिकटवलेले असते. त्यांच्याकडे नाही ते दोन गोष्टींचे बळ : वेळापत्रक बदलण्याचा अधिकार आणि अपयशात बरोबर उभे राहणारी संस्था. शिकवणीच्या वर्गात शेजारी बसलेला मुलगा सोबती नसतो, गुणांच्या क्रमवारीतील प्रतिस्पर्धी असतो. हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापकाचा संकल्प मोडला असता तर तो सावरणारे सहकारी होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रिपीटरचा मोडला तर दोष त्याच्या एकट्याच्या ‘विल पॉवर’कडे जातो, आणि तो स्वतःही तसेच मानतो. पालकांनी शेत गहाण ठेवून भरलेले शुल्क त्याच्या मनात असते. परत जावे हा विचार त्याला भ्याडपणा वाटतो, जरी परत जाऊन दुसरी वाट धरणे हाच अधिक खरा निर्णय असला तरी. आजारामुळे दिल्ली-मुंबई सोडून हिप्परग्याला आलेल्या तरुणाची गोष्ट या मुलाला ऐकवायला हवी. ती त्याला कोणी सांगत नाही, सांगितली जाते ती टिळकांच्या निधनदिनीच्या प्रतिज्ञेची.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेले विद्यापीठ स्वामीजींचे नाव धारण करते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यांच्या ग्रंथालयांत या आठवणींची प्रत कपाटात मिळते, बहुधा ‘राष्ट्रपुरुषांची चरित्रे’ या विभागात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती संदर्भासाठी लागते. मराठी आणि मानसशास्त्र विभागांनी ती एकत्र बसून वाचावी अशी तजवीज अद्याप कोणत्या अभ्यासक्रमात नाही. तशी ती झाली तर पहिल्या तासाला १९२० ऐवजी १९२९ पासून सुरुवात करणे इष्ट ठरेल, आजारातून उठलेला पंचवीस वर्षांचा मुख्याध्यापक गावात शिरतो तेथून.